लेट फी

पहाटेचे पाच. सांगलीच्या गावभागातल्या एका जुन्या वाड्याची माडी. टेबलावर लाल कापडी पाठीची लांबट हिशेबाची वही, शेजारी टोक काढून ठेवलेली शिसपेन्सिल, आणि वहीच्या बरोबर मधोमध मांडी ठोकून बसलेला तीन वर्षांचा नातू. रोज या वेळी मामा एक पान लिहितात. आज पानावर माणूस बसलाय.

"झालं तुमचं पान," भाची दारातून म्हणाली. "बघा आता. माझं रोज हे असं असतं."

मामा आर.एम.एस.मधून, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे टपालसेवेतून निवृत्त झालेले. मिरज स्टेशनात रात्रपाळ्या करत पत्रं निवडण्यात तीसेक वर्षं गेली. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेस यायच्या आत थैल्यांची तोंडं शिवून लाखेचा शिक्का बसलाच पाहिजे, हे अंगात इतकं मुरलंय की अजूनही दर पाच मिनिटांनी नजर मनगटाकडे जाते. दोन गाड्यांच्या मध्ये जो वेळ मिळायचा त्यात ते लिहायला लागले. रविवारच्या पुरवण्यांत काही लेख आले, दिवाळी अंकात दोनदा नाव लागलं. बाकीचं सगळं या लांबट वह्यांत आहे. भाची जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती कथा लिहिते, आणि मामांपेक्षा चांगलं लिहिते, हे मामाही खासगीत कबूल करतात. पण वर्षाला एक. यंदा एका दिवाळी अंकाचं पत्र आलंय, गोकुळाष्टमीपर्यंत कथा हवी. आषाढ निम्मा सरला, कथा निम्मी झालीय. खरं म्हणजे ती गेल्या आषाढातही निम्मीच होती.

"रोज एक पान," मामांनी नातवाला उचलून मांडीवर घेतलं. "दुसरं काही औषध नाही यावर. ट्रॉलप बघ."

अँथनी ट्रॉलप हे मामांचं दैवत, कारण तोही टपाल खात्यातला. विलायतेत रस्त्यावरची पत्रपेटी आणण्यात त्याचा मोठा वाटा. १८५२ मध्ये चॅनेल बेटांवर पहिल्या पेट्या लागल्या त्या त्याच्या शिफारशीवरून. पूर्ण वेळ नोकरी, कामासाठी सतत प्रवास, आणि तरी ४७ कादंबऱ्या. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं, घड्याळ पुढ्यात ठेवायचं आणि दर पाव तासाला २५० शब्द काढायचे. आगगाडीत बसला तर मांडीवर पाटी घेऊन पेन्सिलीनं लिहायचा, बायको नंतर त्याची शाईनं नक्कल करायची. रोजची पानं मांडायला त्यानं तारखांचे रकाने आखले होते. सरासरी आठवड्याला ४० पानं, २५० शब्दांचं एक पान. एखादा दिवस आळसात गेला की रिकामा रकाना डोळ्यांपुढं यायचा. हे सगळं त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवलं. ते १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर निघालं, आणि हिशेबानं लिहिणारा कसला कलावंत म्हणून वाचकांनी नाकं मुरडली.

"त्याच्या म्हाताऱ्या नोकराचं का नाही सांगत, मामा?" भाची हसली. तिनं तेच पुस्तक मामांकडूनच नेऊन वाचलं होतं. "पहाटे उठवून कॉफी आणून द्यायला त्याला वर्षाला ५ पौंड जादा मिळायचे. मला पहाटे उठवणारा तुमच्या मांडीवर बसलाय. तो पैसे घेत नाही, पण लिहूही देत नाही."

मग तिनं आपला आठवडा मांडला. शाळा, पोषण आहाराच्या नोंदी, रोज नवीन काहीतरी ऑनलाइन भरून मागणारे व्हॉट्सॲप ग्रुप. त्यात ती बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. मतदार यादी घेऊन वाडी-वस्तीवर फिरायचं. नवीन नावाला नमुना ६, नाव कमी करायला ७, दुरुस्तीला ८. रविवारी माणसं घरात सापडतात म्हणून रविवारी जायचं. घरी आल्यावर सासूबाईंच्या गोळ्या, मुलाचं जेवण. "यात पाच ते सहा कुठं बसवू? मी रोज लिहायचं ठरवते, चौथ्या दिवशी मोडतं. मग मोडल्याचीच एवढी लाज वाटते की पुढचे चार महिने वहीला हात लावत नाही. त्यापेक्षा वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या सुट्टीत, दारं लावून लिहिलेलं बरं. आपल्याकडं सगळे तेच करतात. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक पेरणीसारखा हंगामानंच लिहितोय."

तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ॲलिस मन्रोचंही उदाहरण तिच्याकडे तयार होतं. कॅनडाची ही लेखिका मुलं झोपली की तेवढ्यात लिहायची. कादंबरीला लागणारा सलग वेळ हातात नव्हता म्हणून कथाच लिहीत राहिली, आणि २०१३ चं नोबेल त्या कथांना मिळालं. भाचीच्या मते तिनं व्यत्ययाशी झटापट केली नाही. व्यत्ययाच्या मापाचा कपडा शिवला.

"आणि सलग वेळ मिळाला की काय होतं तेही बघा," ती म्हणाली. "टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. मंडालेत गीतारहस्याचा खर्डा २ नोव्हेंबर १९१० ला सुरू झाला आणि ३० मार्च १९११ ला संपला. एवढा मोठा ग्रंथ, पाच महिने, तोही शिसपेन्सिलीनं. साने गुरुजींनी तर नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये 'श्यामची आई'चा बहुतेक भाग पाच दिवसांत लिहून काढला. ९ तारखेला बसले, १३ ला उठले. रोज एक पान लिहीत बसले असते तर झालं असतं?"

"म्हणजे तुला तुरुंगात धाडायला हवं."

"चालेल. जेवण आयतं मिळेल."

मामा हसले नाहीत. गुरुजींचं नाव निघालं की ते सावरून बसतात. "पाच दिवस मोजलेस. आधीची वर्षं मोजलीस का?"

इथं मामांची बाजू भक्कम आहे, आणि ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. गुरुजी १९२४ मध्ये अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून गेले. पुढं वसतिगृहाचं काम अंगावर आलं. मुलांचे कंदील पुसण्यापासून आजाऱ्याच्या उशाशी बसण्यापर्यंत सगळं करणारा हा माणूस त्यातच 'छात्रालय दैनिक' चालवायचा. दैनिक म्हणजे खरोखर रोजचं, आणि हातानं लिहिलेलं. दिवसभर शिकवायचं, मुलांचं बघायचं आणि दुसऱ्या दिवशीचा अंक लिहून काढायचा. वाचक म्हणजे वसतिगृहातली पोरं. 'विद्यार्थी' मासिक वेगळंच. त्यानंतर १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवारी अठरा अध्याय. ती प्रवचनं उतरवून घेणारा हात गुरुजींचा होता. म्हणून आज 'गीता प्रवचने' आपल्या हातात आहेत. एवढं झाल्यावर नाशिकचे पाच दिवस आले.

"पाच दिवसांत पुस्तक झालं हे खरं," मामा म्हणाले. "पण त्या हाताला त्याआधी किती वर्षं सुट्टी नव्हती ते बघ. आणि त्या दैनिकाच्या वेळी व्यत्यय काय कमी होते? अख्खं वसतिगृहच व्यत्यय."

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "गुरुजींनी लग्न केलं नाही, मामा. वसतिगृहातली पोरं रात्री झोपायची. आणि ज्या माउलीवर ते पुस्तक आहे तिनं काय लिहिलं असतं, ते कुणाला ठाऊक? बहिणाबाईंना तर अक्षरओळखच नव्हती. जात्यावर, शेतात तोंडानं रचत गेल्या. मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी उतरवून ठेवलं म्हणून वाचलं. पुस्तक निघालं १९५२ मध्ये, त्या गेल्यावर. त्यांचा लिहायचा 'वेळ' कुठला म्हणाल? हात कामात असतानाचाच. तुम्ही टेबल-खुर्ची, पेन्सिल आणि घड्याळ यालाच सवय म्हणता."

हा डाव भाचीचा. रोज ठरल्या वेळी लिहा असं सांगणारी बहुतेक पुस्तकं ज्यांनी लिहिली, त्यांच्या घरात पहाटेचं दूध कोण तापवत होतं, हा प्रश्न त्या पुस्तकांत सहसा येत नाही.

मामांनी तिसरं पान टाकलं: गीतरामायण. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर गदिमांचं पहिलं गीत लागलं, सुधीर फडक्यांची चाल. मग आठवड्याला एक, थेट पुढच्या रामनवमीपर्यंत. बावन्न व्हायची ती मध्ये अधिकमास आला म्हणून छप्पन्न झाली. पहिल्या गीताचा कागद ऐन वेळी सापडेना, तेव्हा केंद्राचे सीताकांत लाड यांनी गदिमांना खोलीत कोंडलं आणि पंधरा मिनिटांत गीत पुन्हा कागदावर आलं, असं सांगतात. सिनेमाची कामं सुरू, घरात माणसांचा राबता, तरी वर्षभरात गीतांचा क्रम तुटला नाही.

"ही सवय नव्हे, हा तगादा," भाचीनं लगेच पकडलं. "शुक्रवारी गाणं लागणार हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत. माझ्या कथेची वाट कोण बघतंय? संपादकांचं पत्रसुद्धा छापील आहे, वर नाव तेवढं हातानं."

"मग तगादा लावून घे. मला गाडीचा होता." एवढ्यावर मामांनी ते सोडलं. त्यांनाही ठाऊक आहे की निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी, गाडी नव्हती तेव्हा, त्यांच्या वहीत फारसं काही नाही.

खाली चहा झाला. नातवानं पेन्सिल ताब्यात घेतली. बोलणं २१ दिवसांवर आलं, कारण भाचीच्या एका प्रशिक्षणात कुणीतरी फळ्यावर मोठ्या आकड्यात ते लिहून दिलं होतं: कुठलीही गोष्ट २१ दिवस करा, सवय लागते. तिनं ते तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा दुसऱ्या आठवड्यातच खंड पडला, आणि नियमाप्रमाणे पुन्हा एकपासून मोजायला लागणार म्हणून तिनं सोडून दिलं.

या आकड्याचा उगम साधारण असा. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० च्या एका पुस्तकात लिहिलं की, शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला माणसाला निदान २१ दिवस लागतात. पुढं सांगणाऱ्यांनी 'निदान' गाळलं, चेहराही गाळला. प्रत्यक्ष मोजदाद बऱ्याच उशिरा झाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे लक्ष ठेवलं. प्रत्येकानं खाण्यापिण्यातली किंवा व्यायामातली एक गोष्ट निवडून ती रोज ठराविक प्रसंगी करायची होती. २०१० मध्ये छापलेला निष्कर्ष: ती गोष्ट आपोआप घडू लागायला मध्यक ६६ दिवस. कुणाला १८ पुरले, कुणाचा हिशेब २५४ पर्यंत जात होता. आणि भाचीसाठी त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं काही बिघडत नव्हतं. सवय पुन्हा एकपासून सुरू होत नाही. पाण्याचा पेला पिणं आणि कथा लिहिणं यात अंतर आहे, ते धरूनही ही बातमी त्या फळ्यावर लिहायला हवी होती.

"मग चुकलेल्या दिवसाला एवढं का घाबरतेस?" मामा म्हणाले. "आमच्याकडं पेटी निघाल्यावर कुणी पत्र घेऊन धावत आला तर हाकलत नव्हतो. लेट फीचं जादा तिकीट लावून घ्यायचो, पत्र त्याच गाडीनं जायचं. उशिराचा दंड तेवढाच. पत्र रद्द नाही."

"तुमचं कधी चुकलंय?"

मामा उठले. कपाटातून दोन वह्या काढल्या. पहिलीची पानं फुगून पंख्यासारखी उघडलेली, कडांना तपकिरी पट्टा, वास अजून येणारा. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट; कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. मामा-मामी मिरजेला नातेवाइकांकडे गेले. वह्या तळमजल्यावर ट्रंकेत होत्या. चाळीसातल्या एकवीस वाचल्या. शेवटची नोंद ४ ऑगस्टची, शिसपेन्सिलीची असल्यामुळं अजून वाचता येते. शाईच्या वह्यांचं नुसतं निळं पाणी झालं. त्यानंतर पाच महिने काही नाही.

"लिहायचं कशासाठी, असं झालं होतं," मामा म्हणाले. एवढंच.

दुसरी वही नवी. पहिल्या पानावर एक घडी पडलेला कागद खळीनं चिकटवलेला. पंचनाम्यासाठी तलाठ्याला दिलेल्या यादीची कार्बन प्रत: गाद्या ३, गव्हाची कोठी १, शिलाई मशिन १, लोखंडी ट्रंक २, मर्फी रेडिओ १ (बंद). ती शर्टाच्या खिशात राहिली होती. संक्रांतीच्या सुमाराला इस्त्रीवाल्यानं काढून दिली. मामांनी ती चिकटवली आणि पुढच्या पानावर लिहिलं, रेडिओ बंद होता हे यादीत का घातलं? तिथून रेडिओवर तीन पानं झाली. मग गव्हाच्या कोठीवर, मग शिलाई मशिनवर. यादी संपायला एप्रिल उजाडला.

भाचीनं तो कागद दोनदा वाचला. मग आपली पिशवी उपसली. मुलाचा टॉवेल, मतदार यादी, डबा, आणि तळातून झेरॉक्स खराब झालेला एक नमुना ८. पाठीमागं बॉलपेननं, एसटीच्या हिसक्यांनी वाकडं झालेलं अक्षर: 'बाई विहिरीपाशी. दोर नाही. मागणार नाही. शेजारीण बघते, तीही विचारणार नाही.' कधी लिहिलं ते आठवत नव्हतं. वैशाखातलं असावं, एका वस्तीवर घराला कुलूप होतं तेव्हा ओट्यावर बसून. असे आणखी कागद आहेत म्हणाली. एक शाळेच्या कपाटात, दोन घरी फ्रिजवर, काही फोनमध्ये बोलून ठेवलेलं, ज्यात फोननं 'दोर'चं 'चोर' केलंय.

मामांनी चष्मा लावून त्या ओळी वाचल्या आणि पहिल्यांदा त्यांची बोलती बंद झाली. मग म्हणाले, "पाळी बदलताना आम्ही चार्ज देतो. किती थैल्या बाकी, कुठली कुठल्या गाडीची, चिठ्ठी लिहून. येणाऱ्यानं डोळे मिटून काम उचलावं अशी. ही चिठ्ठी तसली आहे. अर्ध्यात उठताना तू पुढं बसणारीला चार्ज देऊन उठलीस. फक्त चिठ्ठ्या चार ठिकाणी टाकल्यास. आमच्याकडं असं केलं असतं तर कोल्हापूरचं पत्र कोलकात्याला गेलं असतं. एक खण ठेव."

हेमिंग्वे लिहिणं थांबवायचा ते पुढं काय होणार हे ठाऊक असतानाच. विहीर पुरती उपसायची नाही, असं त्याचं म्हणणं. मामांनी त्याचं काही वाचलेलं नाही. पण दोघांच्या बोलण्यात मुद्दा एकच आहे, आणि प्रस्तुत लेखकाला तो पाच-सहाच्या नियमापेक्षा मोलाचा वाटतो. लिहिणाऱ्याला उठवणारे शंभर असतात. दारावरची बेल, ताप, निवडणूक, पूर. त्यांचा बंदोबस्त कुणालाच पुरता जमलेला नाही. उठताना काय ठेवून उठलो, एवढंच आपल्या हातात असतं. पुढच्या वाक्याचे चार शब्द कागदावर असतील तर चार महिन्यांनी आलेल्यालाही बसायला जागा सापडते. नसतील तर दुसऱ्या दिवशी आलेलाही दारातूनच परत फिरतो.

"मी रोज लिहिणार नाही हं," भाचीनं निघताना बजावलं. नऊची एसटी होती. मामांनी तिला टपालाचं जुनं तपकिरी पाकीट दिलं, तोंडाला दोरा असलेलं. पिशवीत मतदार यादीच्या पुढं ते ठेवायचं, मागं नाही, असंही सांगितलं. ती त्यावर काही बोलली नाही. पाकीट मात्र पुढंच ठेवलं.

कथा गोकुळाष्टमीनंतर अकरा दिवसांनी गेली. संपादकांनी पोच दिली आहे, छापतो किंवा नाही असं काही लिहिलेलं नाही.

मामांच्या वहीत त्या रविवारच्या पानावर शिसपेन्सिलीचं आगगाडीचं इंजिन आहे, चाकं सात. समासात मामांच्या बारीक अक्षरात एक ओळ: 'उद्या – कॉफी आणणारा म्हातारा नोकर.'